गॅसवरचं सोल्डरिंग आयर्न घ्यावं का? घेतलं तर कोणतं?

राऊकर:
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ राऊच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. विहिरीवर मोटर, तिला मोबाइल स्टार्टर, टाकीत पाण्याच्या पातळीचा सेन्सर, बांधावर सोलरचे दोन कॅमेरे. कागदावर झकास. प्रत्यक्षात खारींना वायरीचं आवरण म्हणजे रतलामी शेव वाटते, त्यामुळे सतत कुठे ना कुठे जोड द्यावा लागतो. शेतीची लाइन ठरावीक तासांची, तीही कधी मध्यरात्री येते. घरचं २५ वॅटचं आयर्न तिथे नेऊन करू काय?

परवा सियागंज बाजारात गॅसवर चालणारं आयर्न पाहिलं. दुकानदार म्हणाला, "भिया, लाइटर का गैस भरो, चालू करो, टेंशन खतम." इतकं सोपं असेल तर ते सगळ्यांकडे का दिसत नाही? बिननावाचं स्वस्तातलं घ्यावं की कंपनीचं? आणि हल्ली बॅटरीवरची निघालीत म्हणे, मग गॅसच्या नादी लागावं का? वापरलेल्यांनीच सांगा, यूट्यूब पाहून झालंय.

जुना_रेडिओ:
दुकानदाराने सांगितलं ते अर्धं खरं. राहिलेलं अर्धं तुम्ही आत कसला गॅस भरता त्यावर आहे. पण आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप कळेल.

सोल्डरिंग करताना यात ज्योत नसते. बिटच्या, म्हणजे तापणाऱ्या टोकाच्या, पोकळीत बारीक जाळी किंवा सच्छिद्र तुकडा असतो, त्यावर प्लॅटिनमच्या जातीच्या धातूचा थर. सुरुवातीला ठिणगीने गॅस पेटतो आणि त्या ज्योतीवर जाळी तापते. ती तापली की ज्योत घालवायची, गॅस मात्र चालू ठेवायचा. काही मॉडेलमध्ये ज्योत आपली आपण जाते, काहींत बटण क्षणभर सोडून पुन्हा सरकवावं लागतं. मग गॅस आणि हवा त्या जाळीवरच ज्योतीशिवाय जळत राहतात आणि बाजूच्या खाचेतून नारिंगी लाली दिसते. ती लाली दिसली की आयर्न लागलं असं समजा. अर्ध्या-पाऊण मिनिटात सोल्डर वितळायला लागतं. आमच्या जुन्या २५ वॅटच्या आयर्नला तेवढ्यात कोमटपणाही येत नाही.

खोक्यावर "१० ते ६० वॅट" किंवा मोठ्यावर "१२५ वॅट" लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तेवढ्या वॅटच्या विजेच्या आयर्नसारखं काम होईल, इतकाच त्याचा अर्थ. तापमान राखणारं काही यात नसतं. चाक फिरवून गॅस कमीजास्त करायचा, बस. ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर १८३ ते १९० अंशांत वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. आयर्न फुल सोडून नुसतं धरून ठेवलं तर बिट सहज ४०० च्या वर जाते. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून असतो तो राळेसारखा पदार्थ) जळून काळा पडतो, बिट काळी पडते, मग सोल्डर धरत नाही आणि माणूस म्हणतो आयर्न खराब. आयर्न चांगलं असतं, चाक जास्त फिरवलेलं असतं.

कंपन्यांत पोर्टासोल आयर्लंडची, आयरोडा तैवानची, गूट जपानची. वेलरचं पायरोपेन आणि ड्रेमेलचं व्हर्साटिप ही पण नावाजलेली. माझा नियम एकच: ज्याची बिट सुटी विकत मिळते तेच घ्या. जाळी बऱ्याच मॉडेलमध्ये बिटच्याच आत असते आणि ती कायमची टिकत नाही. बिननावाच्या मालाची जाळी गेली की हातात राहतो तो महागडा लायटर.

मालवाबॉय:
+१. मी पण घ्यायचं म्हणून राहिलोय. धागा वाचतोय.

सर्किटवेडी:
रेडिओकाकांशी सहमत, पण राऊकरदादा, तुम्ही चुकीच्या दुकानात गेलात असं मला वाटतं. तुमच्याकडे कॅमेऱ्यांसाठी सोलरची बॅटरी आहेच ना? पाइनसिल किंवा टीएस१०० सारखी आयर्न १२ ते २४ व्होल्ट डीसीवर चालतात. त्यात तापमान ३२० वर लावलं की ३२० च राहतं. गॅस भरणं नाही, आग नाही.

एक अडचण आधीच सांगते. त्यांच्या नेहमीच्या बिटचा रोध साधारण ८ ओहम. १२ व्होल्टला हिशेब केलात तर १८ वॅट, म्हणजे बारीक वायरीपुरतं. २० व्होल्टला तेच ५० वॅट होतात. म्हणून ६५ वॅटची, २० व्होल्ट देणारी यूएसबी-सी पॉवरबँक लागते. साधी मोबाइलची पॉवरबँक चालणार नाही. ज्याच्याकडे लॅपटॉपसाठी तशी पॉवरबँक आधीच आहे त्याने गॅसचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत.

आणि सेन्सरच्या पीसीबीला, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीला, गॅसचं आयर्न लावू नका, प्लीज. तांब्याचा पॅड उचलून आला की पातळीचा सेन्सर पातळी सोडतो.

गणितमास्तर:
ताईंच्या हिशेबाला माझा एक हिशेब जोडतो. ब्युटेनच्या, म्हणजे लायटरच्या गॅसच्या, एका ग्रॅममध्ये साधारण ४५ किलोज्यूल ऊर्जा. टाकीत १७ मिली द्रव गॅस मावला तर वजन भरतं १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४५० किलोज्यूल, म्हणजे १२५ वॅट-तास. ३००० एमएएचचा १८६५० हा लिथियम सेल जवळपास ११ वॅट-तासांचा. एका भरण्यात अकरा सेल! यातली बरीच उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते हे मान्य. तरी चार चौरस मिमीची जाड वायर बांधावर, वाऱ्यात तापवायची असेल तर अजून तरी गॅसचाच जोर जास्त. शिवाय टाकी मिनिटाभरात भरते, पॉवरबँक भरत नाही.

सर्किटवेडी:
मास्तर, मान्य. पण चार चौरस मिमीला सोल्डर करायचंच कशाला?

वायरमन_आप्पा:
हेच लिहायला आलो होतो. राऊकर, कोणता जोड सोल्डरचा आणि कोणता नाही हे आधी ठरवा, आयर्न नंतर. मोटरच्या केबलला सोल्डर नको, तिथे लग घालून क्रिंपिंग, म्हणजे धातूचं टोपण हत्याराने वायरीवर दाबून बसवायचं. सोलर पॅनेलचे एमसी-४ कनेक्टर पण क्रिंपच करायचे. सोल्डर तारांच्या पिळात वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि हादरे बसले की नेमकी त्या कडेला वायर तुटते. मोटर दिवसभर थरथरणार. ट्रॅक्टरच्या वायरिंगचंही तेच. तुमच्याकडे सोल्डर लागणार ते सेन्सरच्या आणि कॅमेऱ्याच्या बारीक वायरींना.

आणि स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी मेन स्विच खाली. तिथे ४१५ व्होल्ट असतात. गॅसच्या आयर्नला वायर नाही म्हणून शॉक बसत नाही असं एकाला म्हणताना ऐकलंय. बिट धातूची आहे, भाऊ.

जुना_रेडिओ:
आप्पा, तत्त्व बरोबर. पण पकडीने दाबून केलेलं "क्रिंपिंग" पाहून पाहून माझे डोळे दुखतात. नीट दाबणारं हत्यार नसेल तर चांगला सोल्डर केलेला जोड, त्यावर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) आणि जोडापासून थोड्या अंतरावर वायर क्लिपने बांधलेली, हे केव्हाही बरं.

वायरमन_आप्पा:
पकडवाल्यांना माझ्यासमोर आणू नका. तरी मोटरला सोल्डर नाही म्हणजे नाही.

झांकीवाला:
आता जरा गर्दीतला अनुभव. अनंत चतुर्दशीला इंदुरात रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे रोषणाईचे देखावे, निघतात हे इथे कुणाला सांगायला नको. गिरण्यांची धुराडी थंडावून वर्षं झाली, झांक्या थांबल्या नाहीत. मी विजेच्या कामाच्या टोळीत असतो. ट्रॉली खड्ड्यातून गेली की एलईडी पट्टीचा एखादा जोड सुटतोच. जनरेटर असतो, पण एवढ्या माणसांतून एक्स्टेंशनची वायर ओढत न्यायची म्हणजे कुणाच्या तरी पायात येणार. अशा वेळी खिशातलं गॅसचं आयर्न सोन्यासारखं. टॉर्च एकाच्या तोंडात, वायर दुसऱ्याच्या हातात, आयर्न माझ्या.

पण एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. विजेच्या आयर्नचं फक्त टोक तापतं. यात बिटच्या बाजूला एक खाच असते आणि तिच्यातून जळलेला गॅस फुंकर मारल्यासारखा बाहेर येतो, तो भयंकर गरम असतो. तुमची नजर टोकावर, आणि बाजूने चाललेली दुसरी वायर त्या फुंकरीत येऊन तिचं आवरण वितळतं. कापड, थर्माकोल, क्रेप कागद असेल तर विचारूच नका. म्हणून पेटवायच्या आधी खाच कुठल्या बाजूला आहे ते बोटाने बघून घ्यायचं, आणि काम करताना ती मोकळ्या हवेकडे, शक्यतो वर करून धरायची. आमच्याकडे एक जण वाळूची बादली घेऊन शेजारी उभा असतो. तो नसेल तर मी आयर्न काढत नाही.

याच फुंकरीचा फायदा पण आहे. हीट श्रिंक आवळायला वेगळी गन लागत नाही, खाचेजवळून नळी फिरवली की बसते.

पट्टी जोडताना आयर्न सगळ्यात कमीवर. आधी पॅडवर थोडं सोल्डर, मग वायरीच्या टोकावर थोडं, मग दोन्ही एकावर एक ठेवून बिट टेकवायची आणि उचलायची. ठिपका चकचकीत होऊन पसरला की झालं. रेंगाळलात तर पट्टीचा पिवळा पापुद्रा सुटतो.

राऊकर:
वा, धागा मस्त चाललाय. आप्पा, मोटर सोडून दिली, ती क्रिंपच. सेन्सर, कॅमेरे आणि अधूनमधून स्प्रे पंपाच्या बॅटरीचं काम, एवढंच आयर्नचं. सर्किटवेडीताई, २० व्होल्टची पॉवरबँक नाही आणि ती शेतावर ठेवली तर पोरं मोबाइलला लावून रिकामी करतील.

एक बाळबोध शंका. गावातला एक मुलगा म्हणतो, घरच्या सिलिंडरमधून छोटी कॅन भरून देतो, लायटर गॅसचे पैसे वाचतील. दोन्ही एलपीजीच ना?

जुना_रेडिओ:
नाही! त्या मुलाला चहा पाजा आणि परत पाठवा.

घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. त्याचा दाब ४० अंशांना दहा बारच्या घरात जाऊ शकतो. नुसत्या ब्युटेनचा तेवढ्याच तापमानाला पावणेचार बारच्या आसपास. आयर्नची प्लॅस्टिकची टाकी ब्युटेनसाठी बनवलेली असते. वैशाखातल्या उन्हात ती तुमच्या खिशात असेल, एवढं लक्षात घ्या. कॅन अशी भरून देणं बेकायदेशीर आहे ते वेगळंच.

आता टाकी टिकली असं धरू. गळती कळावी म्हणून घरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन घालतात, तो सडका वास त्याचाच. त्यात गंधक असतं आणि गंधक प्लॅटिनमच्या जाळीचं वैरी. जाळी मंदावते, लाली फिकी पडते आणि आयर्न पेटून पण तापत नाही. स्वस्त लायटर गॅसमध्येही तेलकट अंश असतो, तो केसासारख्या बारीक जेटमध्ये जमतो. म्हणून गाळून शुद्ध केलेल्या ब्युटेनची कॅन घ्यायची. केकवाले साखर जाळायला जो छोटा टॉर्च वापरतात, त्याच्यासाठीची चालते.

पूर्वा_टिळकनगर:
हो, मी केकच्या टॉर्चला वापरते तोच गॅस. बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो. टोपणात वेगवेगळ्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या नळ्या येतात, त्यातली बरोबर बसणारी लावा, नाहीतर निम्मा गॅस बोटांवर उडतो आणि बोटं गारठतात.

झांकीवाला:
भरायची रीत लिहितो, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. आयर्न पूर्ण थंड हवं. उघड्यावर बसा, जवळ विडी, चूल, चालू गाडी काही नको. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असतो, खोलीत तो जमिनीलगत साचून राहतो आणि लायटरच्या गॅसला वासही फारसा नसतो.

आयर्न उलटं, व्हॉल्व्ह वर. टाकीत आधीचा राहिलेला गॅस आणि हवा बारीक पेचकसाने व्हॉल्व्ह दाबून सोडून द्या. मग कॅन उलटी करून सरळ उभी दाबा. तिरकी नको. थोडं दाबून थांबा, पुन्हा दाबा. कडेने द्रव फसफसून बाहेर यायला लागला की टाकी भरली. गळतीची शंका असेल तर साबणाचं पाणी लावून बघा, काडी लावून नव्हे. भरल्यावर दहा मिनिटं आयर्नला हात लावायचा नाही. उडालेला गॅस जाऊ दे आणि आतला घरच्या तापमानाला येऊ दे.

टाकी भरतच नसेल तर आयर्न थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, कॅन बाहेर. थंड टाकीत दाब कमी, म्हणून गॅस भराभर आत जातो. आईला आधी सांगून ठेवा.

गणितमास्तर:
याच्या उलट थंडीत होतं. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो. २० अंशांना टाकीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बारभर जास्त असतो, ५ अंशांना जेमतेम पाव बार. आपल्याकडे जानेवारीत पहाटे शेतावर तेवढा गारवा असतोच. आयर्न मरगळल्यासारखं चालतं आणि लोक चाक फुल फिरवतात. त्यापेक्षा निघताना स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, अर्थात बंद करून.

राऊकर:
घेतलं! मधल्या आकाराचं, कंपनीचं, ज्याची बिट वेगळी मिळते असं. गॅस पूर्वाताईंनी सांगितला तो. पण आज शेतावर ठिणगी पडते, फस्स असा आवाज येतो आणि पेटत नाही. एकदा पेटलं तर ज्योत टोकापासून लांब जाऊन विझली. परत द्यावं का?

जुना_रेडिओ:
देऊ नका. फस्स आवाज म्हणजे गॅस जास्त सोडलाय. जोर इतका की ज्योत टिकत नाही. चाक अगदी कमीवर आणा, वाऱ्याकडे पाठ करा आणि मग ठिणगी द्या. लाली आली की हळूहळू वाढवा. पहिल्यांदा भरताना टाकीत हवा राहिली असेल तरी असंच होतं, तेव्हा एकदा सगळं सोडून पुन्हा भरा.

पेटलं की आधी बिटला सोल्डर चढवा. नवीन बिट पहिल्यांदा तापतानाच सोल्डरचा थर बसला पाहिजे. काम संपल्यावर पुसून ठेवू नका, थोडं सोल्डर टोकावर असू द्या. कानसने घासायचं नाही, वरचा लोखंडी थर गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. आणि जादा सोल्डर झटकायला टेबलावर ठकठक करायची सवय असेल तर सोडा, आतली जाळी ठिसूळ असते. पितळी तारेचा चोथा जवळ ठेवा, त्यात टोक खुपसलं की साफ.

राऊकर:
काका, चाक कमी केलं आणि लगेच लागलं. खाच लाल झालेली बघून पोरगा टाळ्या वाजवायला लागला. सेन्सरचा जोड झाला, कॅमेऱ्याचा उद्या.

वायरमन_आप्पा:
उद्याच्यासाठी एक. सोलरची बॅटरी लेड-ॲसिडची असेल आणि पेटीत बंद असेल तर तिच्याजवळ हे पेटवू नका. भर दुपारी चार्जिंग चालू असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. वायर लांब ओढून घ्या, नाहीतर पॅनेल सोडवून, पेटी उघडून हवा खेळू द्या. फवारणीच्या औषधांची आणि डिझेलची खोली तर नाहीच नाही. आणि हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही, सोल्डरमध्ये शिसं असतं.

मालवाबॉय:
मी पुण्याला असतो, दिवाळीला येताना घेऊन येऊ का? ट्रेनने की फ्लाइटने?

सर्किटवेडी:
अरे, गॅसची कॅन दोन्हीत नको. विमानात कॅन ना केबिनमध्ये चालते ना चेक-इनमध्ये. रेल्वेतही ज्वलनशील वस्तू नेणं रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तुरुंगवासापर्यंत जातं. कॅन इंदुरातच घे. आयर्न सुद्धा इथेच घेतलंस तर बरं, टाकीत उरलेल्या गॅसचं कोणाला समजावत बसणार?

राऊकर:
शेवटची शंका. सामान सगळं गाडीच्या डिकीत असतं. कॅन आणि आयर्न तिथेच ठेवलं तर चालेल ना, म्हणजे प्रत्येक वेळी आठवण नको?

झांकीवाला:
आत्ता श्रावणात ढगाळ असेल तोवर चालून जाईल. मे महिन्यात नाही. कॅनवर वाचा, ५० अंशांच्या वर नको असं लिहिलेलं असतं. बाहेर ४२ असताना उन्हात उभ्या बंद गाडीत पन्नास कधीच ओलांडलेले असतात. कॅन घरात, सावलीत, गॅसच्या शेगडीपासून लांब. शेतावर जाताना आयर्न घरूनच भरून न्यायचं, एका भरण्यात तासभर तरी काम निघतं. तुमचे जोड तेवढ्यात होऊन जातील.

मालवाबॉय:
बारीक छिन्नीच्या आकाराची बिट कुठे मिळेल? जेल रोडला दोघातिघांनी नाही म्हटलं.

जुना_रेडिओ:
जेल रोडला मोबाइलचं सामान जास्त. महाराणी रोडला विचार. जुनी बिट काढून सोबत ने आणि काउंटरवरच आटे बसवून बघ. पेटीवरच्या नंबरवर विसंबू नकोस.